पेटीला हात लावायचा नाही

ठाण्याला जांभळी नाक्याजवळ प्रभाकरपंतांचा बाजाच्या पेट्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पुढे दुकान आणि मागे पाच माणसांची लांबट खोली. तिथे गुणाजी मेस्त्री अकरा वर्षं सूर लावत होता. पितळेच्या पट्टीवर कानस किती दाबायची ते हाताला कळे, पण थांबायचं कधी ते कान सांगे. दोन स्वर एकदम धरले की त्यांच्यात बारीक लाट उठते. ती विरली की सूर जुळला. सकाळी आठला बसलेल्या गुणाजीला दुपारी एकनंतर ती लाट ऐकूच येईनाशी व्हायची. पण पंत मधली सुट्टी देत नसत. काम करता करताच दोन घास गिळायचे.

चोपन्न सालच्या मार्चात दुकानांच्या कायद्याचा इन्स्पेक्टर आला. रजिस्टरात सगळ्यांच्या नावापुढे ‘एक ते दोन सुट्टी’ असं सुबक अक्षरात लिहिलेलं होतं. इन्स्पेक्टर आत आला आणि त्याने समोरच बसलेल्या गुणाजीला विचारलं, “दुपारी तासभर सुट्टी मिळते ना?”

बाकीच्या चौघांनी माना खाली घातल्या. पंत दारात उभे होते.

“नाही साहेब,” गुणाजी म्हणाला. धाडस म्हणून नव्हे. त्याला खोटं पटकन सुचलं नाही, एवढंच.

आठ दिवसांनी पंतांनी त्याला बोलावलं. “उद्यापासून येऊ नकोस. आणि लिहून काय दिलंयस ते विसरू नकोस.”

तीन वर्षांपूर्वी पगारवाढीच्या वेळी पंतांनी सगळ्यांच्या स्टॅम्पपेपरवर सह्या घेतल्या होत्या. नोकरी सुटल्यावर पाच वर्षं ठाणे आणि कल्याण तालुक्यात पेटी बनवायची नाही, दुरुस्त करायची नाही, सूर लावायचे नाहीत. गुणाजीने ते वाचलंही होतं. तेव्हा त्याला वाटलं होतं, आपण कशाला सोडतोय?

डोंबिवलीच्या चाळीतल्या खोलीत त्याने पहिले पंधरा दिवस नुसते बसून काढले. मग पोटासाठी दोन जुन्या पेट्या दुरुस्तीला घेतल्या. दुसरी पेटी परत गेली आणि तिसऱ्या दिवशी पंतांच्या वकिलाची रजिस्टर नोटीस आली. पेटी कुणी पाहिली, कुणी सांगितलं, काही कळलं नाही. त्या दिवसापासून तो प्रत्येक शेजाऱ्याच्या तोंडाकडे संशयाने बघू लागला. कानशी त्याने फडक्यात बांधून तांदळाच्या डब्यात पुरल्या.

“तुरुंगात घालतील काय हो?” बायको तुळसाने विचारलं.

“मला काय ठाऊक? सही माझी आहे.”

शाळेत गाणं शिकवणाऱ्या सुमतीबाई समोरच राहत. त्यांच्या पेटीचा मधला पंचम उतरला होता. मुली गायला लागल्या की तो बेसूर थेट गुणाजीच्या खोलीत येई. तो उठून दार लावी, तरी ऐकू येई. शेवटी सुमतीबाईच पेटी घेऊन आल्या. “गुणाजी, एवढं बघता का?”

“बाई, पेटीला हात लावायचा नाही मला,” तो म्हणाला आणि मागे सरकला.

तुळसाने मग सगळं सांगून टाकलं. सुमतीबाईंचे भाऊ विठ्ठलराव ठाण्याच्या कोर्टात वकील होते. दुसऱ्याच दिवशी सुमतीबाई गुणाजी आणि तुळसाला त्यांच्याकडे घेऊन गेल्या.

विठ्ठलरावांनी कागद दोनदा वाचला. “नोकरीत असताना दुसरीकडे काम करू नको म्हटलं, तर ते चालतं. नोकरी सुटल्यावर माणसाला त्याचा धंदाच करू नको म्हणणारा करार कायद्याने रद्दच धरलेला आहे. फार जुना कायदा आहे, इंग्रजांच्या वेळचा.”

“पण मी सही केलीय.”

“केली असू दे. शिवाय महिन्याची नोटीस न देता तुम्हांला काढलंय. त्या महिन्याचा पगारही मागू.”

गुणाजीला पगार नको होता. त्याला कोर्ट नको होतं. पण पंतांनी मनाई हुकूम मागून दावा लावलाच.

नऊ महिने तारखा पडल्या. शेवटच्या दिवशी दोन्ही वकील तासभर इंग्रजीत बोलले. गुणाजीला एक अक्षर कळलं नाही. तो फक्त चेहरे बघत होता. न्यायाधीशांनी कपाळाला आठी घातली तेव्हा त्याला वाटलं, संपलं. पंतांचा वकील हसला तेव्हा तो दाराकडे बघू लागला. मग न्यायाधीशांनी काहीतरी लिहायला सांगितलं आणि पुढचं प्रकरण पुकारलं गेलं.

बाहेर पायरीवर विठ्ठलराव म्हणाले, “झालं. दावा फेटाळला.”

“म्हणजे?”

“म्हणजे जा, पेट्या लावा.”

पंत मागून उतरत होते. ते थांबले. “कान मीच तयार केला तुझा, गुणाजी.”

“होय पंत,” तो म्हणाला. ते खरंच होतं. पंत निघून गेले. त्यांनी अपील केलं नाही. महिन्याभराचा पगार मात्र आणखी दोन पत्रं गेल्यावर मनीऑर्डरने आला.

घरी येऊन त्याने तांदळाच्या डब्यातून कानशी काढल्या, समोरून सुमतीबाईंची पेटी आणली आणि उघडली. पण कानस जरा जास्त फिरली आणि पंचमाची पट्टी वाया गेली. अकरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तुळसाने चहा ठेवला. संध्याकाळी त्याने नवी पट्टी बसवली.

पुढे कामं येत गेली. वासिंद, खडवलीच्या भजनी मंडळांच्याही पेट्या येऊ लागल्या. तरी पाटी लावायला तो तयार होईना. अखेर तुळसाने स्वतःच एक रंगवून आणली, ‘गुणाजी मेस्त्री, पेटी दुरुस्ती’. त्याने ती घेतली, खिळा ठोकला आणि दाराच्या आतल्या बाजूला, खोलीकडे तोंड करून टांगली. दिवाळीपर्यंत ती तशीच होती.