देवनहळ्ळीहून आलेला मावा

ही गोष्ट मी आपणहून कुणाला सांगत नाही. पण तुमचा चहा प्यालोय. शिवाय हे शेजारी बसलेले तुकारामअण्णा, मी उठून गेलो की तिखटमीठ लावून सांगणारच आहेत. त्यापेक्षा माझ्या तोंडून ऐका. फक्त मधे हसायचं नाही.

मी हलवाई. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तर आमचे लांबचे चुलते म्हणून. पण पेढ्यात माझा हात कुणी धरला नाही. साताऱ्याकडचा माणूस मी. आमच्याकडे खव्याला खवाच म्हणतात. मात्र ऐन उमेदीत मी मुंबईत एका गुजराती हलवायाच्या हाताखाली होतो आणि तिथे मावा म्हणत. मीही मावा म्हणू लागलो. खवा म्हणणारा माणूस मला गावंढळ वाटायला लागला. माणसाने ऐट कशाची करावी? मी या एका शब्दाची केली.

बंगळूरला आलो तेव्हा राज्याला मैसूर म्हणत आणि मल्लेश्वरमात उन्हाळ्याच्या दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नसे. एका मिठाईच्या दुकानाची भट्टी सांभाळायचो, रात्री दुकानाच्या माळ्यावर पडायचो. बायको आणि तान्ही मुलगी गावाकडे, तिच्या माहेरी. मेहुणा गावभर सांगत फिरायचा की दाजींनी तिकडे दुसरा संसार थाटलेला दिसतो. दुसरा कुठला? पहिल्यालाच छप्पर नव्हतं.

छप्पर मिळायची एकच आशा होती. दुकानामागे एक वठार होतं. वठार म्हणजे आपली चाळच, पण बैठी. मधे अंगण, भोवती घरं, एक विहीर आणि भांडायला सगळे मोकळे. तिथे कोपऱ्यातली दोन खणांची जागा रिकामी झाली होती. वठाराची सगळी व्यवस्था शारदाक्का बघायच्या. पण जागा कुणाला द्यायची हे ठरवायचे म्हातारे मालक, आणि ते राहायचे देवनहळ्ळीला, आपल्या शेतावर. शारदाक्का त्यांना ‘दोड्डवरु’ म्हणायच्या, म्हणजे थोरले. माणूस बघितल्याशिवाय जागा देत नाहीत, अशी त्यांची ख्याती. आधी दोघांना बघून परत पाठवलं होतं. एक मोठ्याने बोलायचा म्हणून आणि एक काहीच बोलेना म्हणून.

तुकारामअण्णांनी माझ्यासाठी शब्द टाकला. हे वठारातले शिंपी. घराणं दहा पिढ्यांचं इथलं, मराठी बोलतात पण अर्धी कानडीच. मला म्हणाले, “रावजी, रामनवमीला दोड्डवरु येतात बघ. संध्याकाळच्या गाण्याला. उत्सवात तू स्वल्प पुढं पुढं कर. माणूस कामाचा आहे असं त्यांच्या डोळ्यात भरलं की सरी, झालं काम.”

त्या वठारातली रामनवमी म्हणजे सबंध गल्लीचा उन्हाळी उत्सव. अंगणात नारळाच्या झावळ्यांचा मांडव. येणाऱ्याजाणाऱ्याला गुळाचं पानक, ताक आणि भिजवलेल्या मूगडाळीची कोसंबरी. दुपारी बायकांच्या रांगोळ्या, संध्याकाळी गाणं. नऊ दिवस सगळी गल्ली तिथेच असायची.

मी विचारलं, पेढा कुठे आहे? रामजन्म होणार आणि पेढा नाही? तुकारामअण्णा म्हणाले, इथे तशी पद्धत नाही, फार तर तू आपल्याकडचा सुंठवडा कर. मी ऐकलं नाही. सबंध गल्लीला माझा पेढा खायला घालीन, असं भर अंगणात बोलून बसलो.

मावा देवनहळ्ळीचाच मागवला होता. तिकडचा एक गवळी चांगला मावा करायचा आणि पाटीत घालून बसच्या टपावर ठेवून द्यायचा. सकाळच्या बसने पाठवतो म्हणाला होता.

आता माझ्या कानडीविषयी. मला कानडी येत नव्हतं असं कुणी म्हणू नये. येत होतं. पण ते सगळं मालाचं कानडी. आंबट म्हणजे हुळि, शिळा किंवा जुना म्हणजे हळेदु, वास बघ म्हणजे वासने नोडु. तोल, झाक, परत पाठव. बाजारात माझं काही अडत नसे. घरातलं कानडी मात्र शून्य. मला घरच नव्हतं, तर ते येणार कुठून? आणि विचारावं म्हणाल, तर मला विचारायची सवय नव्हती.

रामनवमीची सकाळ. विहिरीच्या बाजूला गोणपाटाचा आडोसा करून चूल मांडलेली. साखर कुटून ठेवली, वेलदोडे कुटून ठेवले, आणि मावा यायच्या आत थोडं दूध आटवावं म्हणून कढई चढवली. आटत आलेलं दूध म्हणजे रांगतं मूल, पाठ फिरवता येत नाही. तेवढ्यात गोणपाटापलीकडून शारदाक्कांचा आवाज आला.

“रावजी, मावा बंद्रु.”

म्हणजे, मावा आला. कानडीत वस्तू आली तर ‘बंतु’ म्हणतात आणि थोर माणूस आला तर ‘बंद्रु’. हे मला आता कळतं. तेव्हा दोन्ही सारखंच ऐकू यायचं.

मी कढईवरची नजर न काढता विचारलं, देवनहळ्ळीच्या बसने ना? त्या हो म्हणाल्या. मी म्हटलं, उन्हातून आलाय, आधी नाक लावून बघा, वास येतोय का.

पलीकडून शारदाक्का नुसतं “आं?” म्हणाल्या.

मला वाटलं, बाईला माझं कानडी कळलं नाही. म्हणून आवाज चढवला आणि एकेक शब्द सुटा करून सांगितला. हुळि? हळेदु? वासने नोडु. मग तोंड सुटलंच. म्हटलं, मागच्या खेपेचा असाच होता, वरून गोरा आणि आत कुजलेला. तसा असेल तर आल्या बसने परत पाठवा. मला नको.

शारदाक्का दबक्या आवाजात म्हणाल्या, “अय्यो रावजी, इथेच आहेत.”

मी म्हटलं, इथे उघड्यावर कशाला ठेवलाय मग? माश्या बसतील. सावलीला न्या, वर ओलं फडकं टाका, आणि वजन करून घ्या. त्यांच्या सांगण्यावर जाऊ नका, आपल्या काट्यावर तोला. मी सुरी घेऊन येतो. मधोमध चिरल्याशिवाय मला खात्री पटत नाही.

अंगणातून कुणीतरी खोकल्यासारखा आवाज केला. मग बऱ्याच जणांना खोकला झाला.

दूध उतरवलं. एका हातात सुरी, दुसऱ्या हातात ओलं फडकं, असा मी गोणपाट सारून बाहेर आलो. सगळं वठार अंगणात उभं. मधे खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ. जरीकाठी उपरणं, डोक्याला रुमाल, दोन्ही हात छत्रीच्या मुठीवर, नजर माझ्या सुरीवर.

पाटी कुठेच दिसेना. मी शारदाक्कांना विचारलं, “मावा एल्लि?” म्हणजे, कुठे आहे? त्यांनी पदराचा बोळा तोंडात धरलेला. त्यांनी हाताने खुर्चीकडे दाखवलं.

मी खुर्चीमागे जाऊन बघितलं. नाही. वाकून खुर्चीखाली बघितलं. तिथेही नाही. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हा म्हातारा माझ्या मालावर बसलाय. राग आला, पण वयाचा मान ठेवला. हात जोडायला मोकळे नव्हते, म्हणून सुरीनेच नमस्कार केला आणि म्हटलं, “स्वामी, स्वल्प एळि.” जरा उठा.

ते उठले. बिचारे खरंच उठले. मी खुर्चीवर हात फिरवून बघितला.

तुकारामअण्णा बर्फाची लादी घेऊन त्याच वेळी फाटकातून आत आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हाताऱ्यांकडे पाहिलं, आणि शारदाक्कांनी दोन शब्दांत काय झालं ते सांगितल्यावर लादी खाली ठेवून कपाळाला हात लावला.

“अरे रावजी,” ते म्हणाले, “मावा म्हणजे सासरा रे. हे शारदाक्कांचे सासरे. हेच दोड्डवरु.”

सांगितलं होतं ना, हसायचं नाही म्हणून?

काय वाटलं ते सांगत नाही. सुरी कुठे लपवावी हे कळेना, ती फडक्यात गुंडाळली. त्याने ती जास्तच वाईट दिसायला लागली. म्हातारे तुकारामअण्णांना कानडीत काहीतरी म्हणाले. तोंडावर हसू नाही, राग नाही. मी विचारलं, काय म्हणतात?

“म्हणतात, उन्हातून आलो खरा, पण अजून आंबलो नाही.”

मी आडोशाला जाऊन बसलो. जागा गेली, हे ठरलेलंच होतं. मोठ्याने बोललेल्याला ज्यांनी परत पाठवलं होतं, त्यांना मी मोठ्याने बोलून परत पाठवत होतो. आता मेहुण्याला काय सांगू? घरमालकाचा वास घेतला म्हणून घर मिळालं नाही?

इथे गोष्ट संपली असती तर बरं होतं. पण पुढच्या बसने पाटी आली.

मी फडकं उचललं आणि नाकालाच कळलं. आंबलेला. वरून गोरा, आत गेलेला. माझ्या आयुष्यात माझं बोलणं इतकं खरं कधी झालं नव्हतं आणि इतक्या चुकीच्या दिवशीही झालं नव्हतं. तुकारामअण्णा कानाशी येऊन म्हणाले, साखर जास्त घाल, वेलदोडा घाल, कुणाला कळत नाही. मी म्हटलं, मला कळतं. पाटी उचलली आणि मागच्या उकिरड्यावर रिकामी केली. मघाशी आटवलेल्या दुधाचे पेढे देवापुढच्या वाटीला पुरले, बाकी काही नाही.

रामजन्म झाला. पानक वाटलं, कोसंबरी वाटली. म्हातारे केळीच्या पानाचा द्रोण घेऊन खुर्चीवर बसलेले. त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, “पेडा एल्लि?”

आता याला उत्तर काय द्यायचं? कानडीत खव्याला दुसरा शब्द असेलच. मला तो माहीत नव्हता. तुकारामअण्णा नेमके ताक वाढायला लांब गेलेले. खोटं बोलायचं मला जमत नाही, आणि खरं बोलायचं तर त्यांच्याच तोंडावर पुन्हा तेच म्हणायचं. सबंध वठार माझ्या तोंडाकडे बघत होतं. शारदाक्का तर भिंतीला धरून उभ्या होत्या.

मी म्हटलं, “स्वामी, मावा हुळि.”

शारदाक्कांनी डोळेच मिटून घेतले. मग मी घाईघाईने उकिरड्याकडे बोट दाखवलं आणि जोडलं, तो मावा हुळि. हा मावा नाही. हा मावा, म्हणजे तुम्ही, चेन्नागि. चांगले. ताजे.

म्हाताऱ्यांनी उकिरड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग त्यांची छत्री हलायला लागली. मग खांदे. मग द्रोणातलं पानक उपरण्यावर सांडलं. शारदाक्का पुढे मला सांगायच्या, या घरात आल्यापासून मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघितलं. ते उठले, उकिरड्यापर्यंत गेले, पांढरा ढीग डोळ्यांनी बघितला, वाकून वासही घेतला. परत येऊन सुनेला एवढंच म्हणाले की याला जागा द्या. वास न घेता काही आत घेत नाही आणि नासलेलं ठेवत नाही, असा माणूस घर नासवणार नाही.

त्याच उन्हाळ्यात बायको आणि मुलगी आल्या. बायकोला ही गोष्ट मी सांगितली नव्हती. विहिरीवर पहिल्या दिवशीच तिला ती चार बायकांनी चार तऱ्हांनी सांगितली. पुढे म्हातारे जेव्हा जेव्हा बसने यायचे, तेव्हा कुणीतरी माझ्या दाराशी येऊन वर्दी द्यायचंच, रावजी, मावा बंद्रु, नाक घेऊन या. मी जायचो. पायावर डोकं ठेवायचो. ते वर उठवताना माझ्या खांद्याशी नाक नेऊन मान हलवायचे. चेन्नागि. ते गेले तोवर हा आमचा रिवाज होता. ते गेल्यापासून मी खव्याला खवाच म्हणतो.

एवढंच होतं. पण देव कुणाची बाकी ठेवत नाही.

माझी मुलगी त्याच वठारात वाढली, माझ्यापेक्षा शंभरपट चांगलं कानडी बोलते. तिने नवरा कानडी केला. मुलगा सभ्य आहे, कमी बोलतो, मला आवडतो. मला काय म्हणतो ते तुम्हाला कळलंच असेल.

परवाच्या रामनवमीला त्यांच्या गल्लीतही उत्सव होता. बायको आदल्या दिवशीच लेकीकडे गेलेली. मी दुपारी, बस दोनदा बदलून, घामाने निथळत पोचलो. छत्री हातात, दारात उभा. जावयाने दार उघडलं आणि आत वळून सासूला हाक दिली.

“अत्ते, मावा बंद्रु.”

स्वयंपाकघरातून माझी बायको म्हणाली, “उन्हातून आलाय. आधी वास बघा.”

जावई हसला नाही. चांगल्या घरचा आहे. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग हळूच जाऊन खिडकी उघडली.