पिशवी तपासणारे गृहस्थ

ह्यांना अर्धांगवायू झाल्यावर खराडीच्या कंपनीत बसून आमच्या चिरंजीवांनी इंटरनेटवर एक संस्था शोधली. तिथले स्वयंसेवक दर बुधवारी दोन तास ह्यांच्याजवळ बसणार, आणि मी म्हणे विश्रांती घ्यायची!

आले ते साठी उलटलेले गृहस्थ. नाव मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. चहाचा थर्मासही स्वतःचाच. मी मात्र सकाळपासून घर आवरून त्यांच्यासाठी पोहे करून ठेवले होते. ताटलीकडे बघून ते म्हणाले, "अहो, मी पाहुणा नाही. आपण बाहेर जा."

माझ्याच घरातून मला हाकलत होते!

कसब्यात दोन तास बाईने एकटीने करायचं काय? मी ह्यांची औषधं आणि डायपर घेऊन परतले. गृहस्थांनी सरळ माझ्या पिशवीत डोकावून विचारलं, "सगळं त्यांचंच. आपलं काय आणलंत?"

पुढच्या बुधवारी मी ह्यांच्या रसासाठी मोसंबी आणली. पुन्हा पिशवीत डोकं, पुन्हा तोच प्रश्न. कोणी दिला हो ह्या गृहस्थांना हा अधिकार?

पाचव्या बुधवारी इरेला पेटून दिसलेल्या पहिल्या दुकानात शिरले. दुकानदाराने विचारलं, "काय दाखवू, ताई?" आणि मला स्वतःसाठी काय हवंय, तेच आठवेना. शेवटी रिकामी पिशवी घेऊनच घरी आले.

गृहस्थांनी पिशवी पाहिली, तिची नीट घडी घातली आणि चपला पायात सरकवत म्हणाले, "सुधारणा आहे. आज त्यांचं काही नाही."