साडेअकराची ड्यूटी

परवा रजा टाकून दिवसभर माधवनगरला घरीच बसले... एका कोड्याचा छडा लावायला.

आमची ओवी आठ महिन्यांची. वरचं खाणं सुरू होऊन दोन महिने झाले, पण दुपारी बाराला वाटी दिसली की तोंड घट्ट बंद. नाचणीची खीर, मऊ वरणभात, उकडलेला बटाटा... सगळं थू. वजनाचा काटा महिनाभर जागचा हललेला नाही.

डॉक्टर म्हणाल्या, दुपारचं एक दूध कमी करा, भूक लागू द्या. मी सासूबाईंना सांगितलं, कारण अंगणवाडीतल्या नोकरीवरून आल्यावर त्याच तिला भरवतात. अंगावरचं दूध मात्र मी नेहमीइतकंच काढून फ्रिजमध्ये ठेवत राहिले... न जाणो, लागलंच तर.

तरी ओवी खाईना. दात येत असतील का? चमचा आवडत नसेल का? मी तीन रंगांचे चमचे आणले.

तर परवा नुसती बघत बसले. बरोबर साडेअकराला आप्पा, म्हणजे माझे सासरे, सैन्यातून सुभेदार म्हणून रिटायर झालेले, हात धुऊन आले. फ्रिजमधलं दूध कोमट केलं, ओवीला मांडीवर घेतलं आणि वाटी-चमच्याने शेवटच्या थेंबापर्यंत पाजलं.

बाराला सासूबाई आल्या तेव्हा पोट टम्म, तोंड बंद...

"आप्पा, हे दूध बंद करायचं होतं ना?"

त्यांनी फ्रिजवरचा कागद दाखवला. "हितं लिवलंय की. साडेअकरा, दूध. आर्डर बदलल्याबिगर ड्यूटी कशी सोडायची?"

चार महिन्यांपूर्वी कामावर रुजू होताना चिकटवलेला कागद. अक्षर माझंच. त्यांना कुणीच काही सांगितलं नव्हतं.

चिडणार होते, पण हसूच आलं. नवा कागद लिहिला. आप्पांनी तो दोनदा वाचला आणि हळूच म्हणाले, "म्हंजी माजं काम गेलं म्हणायचं."

चेहरा एवढासा झाला होता. मी कागद परत घेतला आणि बाराच्या जेवणापुढे लिहिलं, 'आप्पा'. सासूबाई म्हणाल्या, बरं झालं, मला चार घास गरम मिळतील.

काल दुपारी ऑफिसात आप्पांचा फोन आला. "अर्धी वाटी वरणभात. लय आवडीनं खाल्ला." रिपोर्ट संपला, फोन बंद. मी शेजारच्या टेबलावर सगळ्यांना सांगत सुटले.

संध्याकाळी घरी आल्याआल्या तिला पाजायला घेतलं. थोडंसं प्यायली आणि मान वळवून आप्पांकडे बघत हसायला लागली. पोट भरलेलं होतं... मला हेच तर हवं होतं. तरी नवा कागद वाचताना आप्पांना काय वाटलं असेल ते नीट कळलं.

आज सकाळी जास्तीचं दूध काढून ठेवलं नाही. माझीही एक ड्यूटी कमी झाली... आप्पांना निदान बदली तरी मिळाली.