कोड नसलेली वाडी

"हा कचरा कुणी ठेवला फाइलमध्ये?"

सरांनी मोठ्या स्क्रीनवर बोट ठेवलं आणि सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. बोटाखाली नखाएवढा हिरवा तुकडा. ती माझी वाडी. बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या बाजूला, डोंगराला टेकलेली ठाकर आदिवासींची एकोणीस घरं. त्यातल्या एका घरात माझी आई राहते.

ऑफिस उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये, जीन्सच्या कारखान्याच्या वर. खालच्या शिलाई मशीननी आमची टेबलं थरथरायची. आम्ही गावांच्या हद्दी तयार करायचो. जुन्या कागदी नकाशावरून रेघ ओढायची, दोन हद्दींमधल्या फटी बुजवायच्या, प्रत्येक गावाला त्याचा सरकारी कोड द्यायचा. मग फाइल क्लायंटच्या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये जायची. एक जरी कोड चुकला तरी सॉफ्टवेअर अख्खी फाइल परत फेकायचं. वाड्यांना कोड नसतो, त्या कुठल्यातरी गावाच्या पोटात धरतात. म्हणून सरांचा नियम साधा होता. कोड नाही, उडव.

दोन वर्षं मी उडवत होते. लपवत नाही. कातकऱ्यांच्या, ठाकरांच्या, कुणाकुणाच्या वाड्या. नाव वाचायचं, डिलीट दाबायचं. माझा हात जलद म्हणून सर कौतुक करायचे आणि मी फुगायचे. आता लाज वाटते.

मग आमच्याच तालुक्याची फाइल आली. नळाच्या योजनेची. या नकाशात जे असेल तिथेच पाइप जाणार होता. आई डोंगर उतरून ओढ्याचं पाणी आणते, गुडघे गेले तिचे. माझ्याने डिलीट दाबवेना. मी वाडीला स्वतःच्या मनाने एक कोड दिला आणि फाइल पुढे ढकलली. सॉफ्टवेअरने ती क्लायंटसमोरच नाकारली.

"मी ठेवला, सर. माझं घर आहे तिथे."

"अरे वा, ये तो मॅडमचं गाव निकला! चार झोपड्या, त्यांना नकाशा कशाला पाहिजे? जंगलातून आणून खुर्चीवर बसवलं, तर डोक्यावर बसतेस? चल, काढ. सबके सामने काढ."

क्लायंट हसला. शेजारच्या टेबलावरची मुलगी, जिच्या डब्यातलं मी रोज खायचे, तीही हसली. आणि मी काढली. माझ्याच बोटाने. फाइल बिनबोभाट आत गेली.

घरी आईने विचारलं, "आपला घर हाय का गं त्या नकाशात?"

"हाय."

तिने दारातला दगड सरकवून नळासाठी जागा केली. मी बघत बसले.

दुसऱ्या दिवशी सरांनी उडवायच्या वाड्यांची नवी यादी दिली. पहिलंच नाव एका कातकरवाडीचं. मी माउस बाजूला सरकवला.

"नाही काढणार. माणसं आहेत तिथे."

सरांनी दार दाखवलं. माझ्या खुर्चीवर दुसरी मुलगी बसली. तिने ती वाडी काढलीच असणार.

पाइप खालच्या गावापर्यंत आला आणि तिथेच संपला. आईला मी खरं सांगितलं. तिने दारातला दगड परत जागेवर ठेवला.

आता मी मोबाइलवर जीपीएस लावून वाड्यांच्या हद्दी चालते, नकाशे करते, तहसील कचेरीत देते. तिथले साहेब म्हणतात, कोड आणा. कोड मिळतो सरकारी नकाशात असेल त्यालाच. हे बदलेल असं मला वाटत नाही. पण मी पुसलेल्या वाड्यांची नावं मला पाठ आहेत. एकेक चालून नकाशावर आणणार. कचेरीने नकाशा परत पाठवला की परत नेणार. ज्यांच्या पुसल्या त्यांच्या आधी, आमची वाडी सगळ्यात शेवटी.