मागून येणारा कावडवाला

आमची धानाची शेती खंडाची, म्हणजे दुसऱ्याची जमीन वार्षिक मोबदल्यावर कसलेली, तीही जेमतेम. कॉलेजची फी बापाला झेपणारी नव्हती. मात्र लांब पल्ल्याच्या शर्यतीत पहिला येईल त्याला फी माफ होती. म्हणून मी पहाटे दरेकशाच्या जंगलवाटेवर पळायचो.

रोज एक कावडवाला मागून दुडक्या चालीने यायचा. कावड करकरायची, पण त्याची पावलं कधी वाजली नाहीत. मी भीतीने वळून पाहायचो आणि माझा दम तुटायचा.

एकदा तो अगदी कानाशी म्हणाला, "मांगं पाहून रायला कायले, बापू? जो मांगं पायते, त्यालेच मी धरतो."

त्यानंतर मी कधी वळलो नाही. तो कोण, हे गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. शर्यत मी जिंकली, फी माफ झाली. आमच्या घराण्यातला पहिला बी. ए. मीच.