घोडनदीचे कावळे आणि आमची धपाटी

आधीच सांगून टाकतो, चूक माझीच होती. हसायचं तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे पुढं कुणाच्या अंगावर चहा सांडायला नको.

रेल्वेतून रिटायर झालो आणि आम्ही दोघं नवराबायको दौंडहून गाडी काढून कवठे येमाईला देवीला निघालो. वाटेत शिरूर. मी म्हटलं, "एवढं जुनं गाव, इंग्रजांची छावणी होती इथं. पेठ बघू, घोडनदीच्या काठी घटकाभर बसू."

"छावणीचं ऱ्हाऊ द्या," बायको म्हणाली, "खायला कुठं थांबायचं ते सांगा."

सकाळची वेळ, पेठेतली दुकानं बंद. म्हणून मी हिला जुन्या दारांचाच इतिहास सांगितला. त्यातला निम्मा मलाही तिथंच सुचला. मग घाटाच्या वरच्या अंगाला झाडाखाली सतरंजी टाकली आणि डबा उघडला. हिनं पहाटे उठून वीस धपाटी केली होती. एक कावळा आला, त्याला तुकडा टाकला. मग त्याचा भाऊ आला, मेव्हणा आला, अख्खी भावकी आली. रिटायर झाल्यापासून माझ्यासाठी इतकं कुणी धावून आलं नव्हतं हो! बारा धपाटी अशीच गेली. कावळे टम्म होऊन फांदीवर डोळे मिटून बसले.

हात धुवायला घाट उतरलो, तर खाली एका आप्पांचं दहावं चाललेलं. भाताचे पिंड मांडलेले आणि सगळी माणसं आभाळाकडं बघत उभी. कावळा काही शिवत नव्हता.

मी मान वर करून फांदीवरची माझी पंगत बघितली.

आप्पांची इच्छा राहिली असणार, म्हणून जो तो शब्द देत होता. थोरला मुलगा म्हणाला, "आप्पा, आईला म्या सांभाळीन." कावळा नाही. धाकटा म्हणाला, "हिरीच्या पाण्यावरनं भांडणार न्हाई." नाही. एका म्हाताऱ्या मामांनी तंबाखू सोडायचं कबूल केलं आणि लगेच सणावाराची सवलतही मागून घेतली.

कुणीतरी वैतागून म्हणालं, "गुरुजी, दर्भाचा कावळा करा आन् उरका."

"थांबू जरा," गुरुजी म्हणाले. "काहीतरी राहिलंय."

काय राहिलंय ते मला माहीत होतं. कावळ्यांचं पचन! पण बाप गेलेल्या माणसांना हे कुठल्या तोंडानं सांगायचं? घाबरलो की माझं तोंड सुटतं. "आमच्या दौंडला गाडी येऊन गेली की कावळे येतात बघा," असं मी काहीबाही बोलायला लागलो.

"पाव्हणं," थोरला म्हणाला, "जरा गप बसता का?"

मग मामाच हळूच म्हणाले, "आरं, मंगल वर हुबी हाय. तिला कुणी बोलवलं का?"

वरच्या पायरीवर एक बाई डोळ्याला पदर लावून उभी होती. आप्पांची लेक. मनानं लग्न केलं म्हणून चार वर्षं भावांनी तिला दारात उभं केलं नव्हतं. थोरला पायऱ्या चढून गेला, हाताला धरून तिला खाली घेऊन आला आणि म्हणाला, "आप्पा, दिवाळीला मंगलला आणायला म्या जाईन." धाकटा ढसाढसा रडायला लागला. तेवढ्यात फांदीवरचा एक कावळा, त्याला बहुतेक धपाटं कमी मिळालं असावं, सावकाश उतरला आणि पिंडाला शिवला.

मीही रडलो. खोटं कशाला सांगू?

पण मन खात होतं. माणसं पांगल्यावर गुरुजींना गाठलं आणि सगळं कबूल केलं.

"बघत होतो की," तांब्या विसळत ते म्हणाले. "तुम्ही वर पंगत घातलेली मला इथून दिसत होती. आणि ती पोर पण. कावळा लगेच शिवला असता तर ती तशीच परत गेली असती. उद्या इथं अजून एक दहावं आहे. चार भाऊ, एकमेकांचं तोंड बघत नाहीत."

माझी छाती फुगली. म्हटलं, "सातला हजर होतो, गुरुजी."

"छे, छे, तुम्ही नका येऊ," गुरुजी म्हणाले. "तुम्ही फार बोलता. धपाटी तेवढी पाठवा."