विझून पेटणारा दिवा

समोरच्या खांबावरचा सोडियमचा दिवा म्हातारा झालाय. तिन्हीसांजेला आधी फिकट गुलाबी उजळतो, हळूहळू पिवळा होतो आणि पुरता तापला की विझतो. अशा जुन्या दिव्याला तापल्यावर जळत राहायला विजेचा जास्त दाब लागतो, तो मिळत नाही. निवला की पुन्हा पेटतो. खिडकीतून मी हे रोज बघतो.

नगरपालिकेत दिवाबत्ती माझ्याकडे होती. नाक्यावरच्या वळणाचा दिवा जातो, म्हणून भाजी विकणाऱ्या कमलबाई तीनदा आल्या. "साहेब, पेटतो हो, पण टिकत नाही. तुमच्यासारखाच, आला की निघाला!" ऑफिस हसलं. मी गेलो. स्कूटरवरूनच वर पाहिलं, दिवा पेटलेला होता. 'चालू आहे' असा शेरा मारला. दहा मिनिटं थांबलो असतो, तर विझताना दिसला असता. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. घरी जायची घाई होती, इतकंच.

आठवड्याने त्याच वळणावर, अंधारात, ट्रकने कमलबाईंना उडवलं.

त्यांचा नवरा ऑफिसात आला. "साहेब, तुम्ही बघितला तेव्हा दिवा चालू होता का?"

"होता," मी म्हणालो.

खोटं नव्हतं ते. घटकाभर खरं असलेलं एवढंसं काही सांगून माणूस किती वर्षं निभावून नेतो!

"मग तिचंच लक्ष नसेल," तो म्हणाला, आणि मला नमस्कार करून गेला.